ओळंब्याच्या पाठीत सहा स्क्रू

'खाली सही करणार इसम, वय वर्षे सदुसष्ट, लिंग पुरुष, उंची एकशे सत्तर सेंटीमीटर, व्यवसाय काही नाही, व्यसन काही नाही, याच्या कण्याच्या खालील भागातील एक मणका खचला असून त्यावरील मणका पुढे सरकला आहे. सदर इसमास शस्त्रक्रियेच्या दोन्ही पद्धती, म्हणजे हाताने व रोबोटच्या साहाय्याने, त्यांच्या फायद्यातोट्यांसह त्यास समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आल्या आहेत. सदर इसमाने त्या पूर्णपणे समजून घेतल्या असून पूर्ण विचारांती व कोणाच्याही दबावाखाली न येता खालीलपैकी एका पद्धतीची स्वतः निवड केली आहे.'

सदर इसमाला सगळे ओळंबा म्हणत. 'व्यवसाय काही नाही' हे खिडकीवरच्या मुलीने लिहून घेतलं होतं. तिने विचारलं, "आता काय करता?" तो म्हणाला, "आता काही नाही." त्याआधीची पंचेचाळीस वर्षं त्याने लोकांच्या भिंतींना भोकं पाडली होती, पण ती 'आता'त बसत नव्हती. उंचीसुद्धा विचारूनच लिहिली. त्याने लग्नाच्या वेळची सांगितली.

त्याचं काम म्हणजे फळ्या, पडद्यांच्या दांड्या, आरसे, स्वयंपाकघरातली कपाटं, थोडक्यात जे जे लोकांना जमिनीवर नको असतं ते सगळं भिंतीवर चढवणं. खिशात पितळेचा एक ओळंबा असे. दोरी सोडली की तो आधी डुलायचा, मग विचार केल्यासारखा थांबायचा. बाकीच्यांनी लाल किरणाची यंत्रं घेतली तरी याने दोरी सोडली नाही. "किरणाला बॅटरी लागते," तो म्हणायचा, "याला फक्त जमीन लागते." टोपणनाव तिथून पडलं. पुढे तो स्वतःच कमरेतून वाकायला लागला, तेव्हा त्या नावाचं काय करायचं हा प्रश्न ओळखीच्या लोकांना पडला. बदलायचा कंटाळा म्हणून तेच राहिलं.

त्याच्या कामाच्या दोन रीती होत्या. पहिली, भोक पाडण्याआधी भिंत वाजवून बघायची. मधल्या बोटाचं पेर, कान भिंतीजवळ, डोळे मिटलेले. भरीव भिंत एक बोलते, पोकळ दुसरं. तिसरी जात भुसभुशीत भिंतीची. ती काहीच बोलत नाही, नुसती ऐकून घेते, आणि स्क्रू मारला की आठ दिवसांनी आरशासकट खाली येते. अशा भिंतीत भोक पाडायचं, फुंकर मारून भुगा काढायचा, आत पातळ सिमेंट भरायचं, त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकायची आणि मगच स्क्रू फिरवायचा. तोही अदबीने.

दुसरी रीत जास्त महत्त्वाची. पेन्सिल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "फुली मारा." जिथे फुली तिथेच भोक. "खूण तुमची, भोक माझं." फळी डोक्याला लागते, आरशात फक्त केस दिसतात, पडदा खिडकीशी जमत नाही, ही सगळी फुलीची जबाबदारी. फळी पडली तर त्याची. या एका नियमावर त्याने पंचेचाळीस वर्षं भांडणं टाळली होती. गिऱ्हाइकं मात्र हमखास घोळ घालायची. थोडं वर, नको, थोडं खाली, डावीकडे घेतलं तर? अर्ध्या तासाने फुली पहिल्याच जागी यायची. ओळंबा शिडीला टेकून बघत राहायचा आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा, "भिंत स्वतःची असली की माणसाला काही सुचत नाही गं."

भुगा मात्र कुणी हिशोबात धरला नव्हता. पंचेचाळीस वर्षं तो नाकातोंडात गेला, त्याचा दमा झाला, दम्यावर गोळ्या चालू झाल्या आणि गोळ्यांनी हाडं पोखरली. असा सगळा हिशोब नेहमीच्या डॉक्टरांनी एकदा कागदावर बाण काढून दाखवला. शेवटच्या बाणाच्या टोकाला त्यांनी मणका काढला होता.

"म्हणजे भुसभुशीत," ओळंबा म्हणाला.

"असंच काहीसं," डॉक्टर म्हणाले.

आता त्याला चाळीस पावलं चालता यायची. एकेचाळिसाव्याला डावा पाय झोपायचा, मग बसायला लागायचं. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान पाच मुक्कामांवर होतं. हाडं जरा भरावीत म्हणून आठ महिने रोज पोटात सुई घेऊन झाली. ती सुई बायको टोचायची आणि टोचताना स्वतःच डोळे मिटायची. मग डॉक्टर म्हणाले की आता स्क्रू धरतील इतपत हाड आहे, पण पाय कायमचा झोपण्याआधी करून घ्या.

हॉस्पिटलात हे काम करणारे दोघं होते. एक मोठे डॉक्टर, केस पांढरे, हाताने करणारे. दुसऱ्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बाई, रोबोटने करणाऱ्या. विमा दोन्हींना सारखाच लागू होता, त्यामुळे तोही निर्णयाला काही मदत करत नव्हता. "दोघांना भेटा," सांगण्यात आलं, "आणि तुम्ही ठरवा."

ओळंबा बायकोला घेऊन आधी मोठ्या डॉक्टरांकडे गेला.

"हाताने करताना," मोठे डॉक्टर म्हणाले, "हाड हाताला सांगतं. आत गेलं, बाहेर निघालं, कडक लागलं, मऊ लागलं. तीस वर्षं मी ते ऐकतोय."

ओळंब्याने बायकोकडे बघितलं. बघ, वाजवून बघणारा माणूस आहे.

"पण तुमचं हाड," डॉक्टर पुढे म्हणाले, "फारसं बोलणार नाही. मऊ हाडात हाताला कळणं कमी होतं. त्या बाबतीत बाईंच्या यंत्राचा फायदा आहे. त्यांनाही भेटा, चांगलं काम आहे त्यांचं."

बाई तरुण होत्या आणि भरभर बोलायच्या, पण मध्येच थांबून "कळलं का?" विचारायच्या. त्यांनी पहिल्यांदा हे सांगितलं की रोबोट स्वतः काही करत नाही. आधी पाठीचे फोटो काढून कुठला स्क्रू कुठून किती तिरका जाईल ते ठरवायचं. मग यंत्राचा हात एक नळी बरोबर त्या कोनात धरून उभा राहतो. त्या नळीतून भोक बाईच पाडणार.

"म्हणजे तो फक्त धरतो," ओळंबा म्हणाला.

"फक्त धरतो. पण हलत नाही."

"आणि त्याला कसं कळतं पाठ कुठाय ते?"

"हाडात एक पिन बसवतो. कॅमेरा त्या पिनवरून सगळं मोजतो."

ओळंब्याने बोटाच्या पेराने टेबल वाजवून बघितलं. मग म्हणाला, "पिन कुठल्या हाडात?"

"तुमच्याच."

"भुसभुशीत?"

बाई हसल्या. "हा प्रश्न मला अजून कुठल्या पेशंटने विचारला नव्हता. हो. पिन हलली तर मोजमाप चुकतं, मग थांबून पुन्हा मोजायचं, नाहीतर हाताने करायचं. त्या बाबतीत सरांच्या हाताला तोड नाही. स्क्रू सैल व्हायची भीती दोन्हीकडे आहे, म्हणून दोन्हीकडे सिमेंट भरतो."

"म्हणजे ओळंबा ज्या खिळ्याला टांगायचा, तो खिळाच सैल," जिना उतरताना तो बायकोला म्हणाला.

"मग हाताने करा."

"हाताला कळणार नाही म्हणालेत ना ते."

"मग रोबोट."

"अगं, पिन!"

बायकोने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने त्याला धरून पुढची पायरी दाखवली.

त्याला खरा त्रास वेगळाच होत होता. त्याच्या धंद्यात नवा कारागीर घरात शिरला की आधीच्याच्या कामाकडे बघून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हे कुणी केलंय?" त्यावरून गिऱ्हाइकाला कळतं कुणाकडे जायचं. इथे दोघं एकमेकांचं कौतुक करत होते. दोन शहाणी माणसं एकमेकांना नावं ठेवत नाहीत म्हटल्यावर तिसऱ्याने ठरवायचं कशावरून?

त्याने स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुढच्या भेटीत मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतली प्रमाणपत्राची चौकट त्याने नीट बघितली. ती बोटभर तिरकी होती. डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले तसा हा उठला आणि सवयीने चौकट सरळ करायला गेला. स्क्रू, गिट्टी आणि मूठभर प्लास्टर त्याच्या हातात आलं. डॉक्टर परतले तेव्हा पेशंट एका हातात त्यांची पदवी आणि दुसऱ्या हातात त्यांची भिंत घेऊन उभा होता.

"आतून पोकळ आहे," ओळंबा म्हणाला. "गिट्टी लहान पडली."

"ठेवा, ठेवा टेबलावर," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही वाकू नका."

मग तो बाईंच्या खोलीत गेला. तिथली चौकट अशी सरळ होती की त्याला मनातल्या मनात दोरी सोडायचीही गरज वाटली नाही. त्याचा निर्णय झाला. निघताना त्याने कोपरा जरा उचलून बघितला. मागे स्क्रूच नव्हता. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली होती.

निर्णय पुन्हा अडला.

बायकोचा धाकटा भाऊ सरकत्या जिन्यांची देखभाल करायचा, त्यामुळे यंत्रांबद्दल घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याला रविवारी चहाला बोलावलं.

"भावजी, डोळे मिटून यंत्र घ्या," मेव्हणा म्हणाला. "यंत्र चुकत नाही."

"तुझा जिना मागच्या महिन्यात उलटा फिरला म्हणालास ना रे?" बहिणीने विचारलं.

"तो उलटा फिरला, चुकला नाही. त्याला तसं सांगितलं गेलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"ते जाऊ दे ना, ताई." त्याने बिस्किट चहात बुडवलं आणि वेळेत काढलं नाही. "माणसाचा हात थकतो, थरथरतो. यंत्र फार तर बंद पडतं."

"माझी पाठ उघडी असताना?" ओळंबा म्हणाला.

मेव्हणा कपातलं बिस्किट चमच्याने शोधत राहिला. "मग हाताने घ्या," तो शेवटी म्हणाला.

सोमवारी ओळंबा हाताचा होता, मंगळवारी रोबोटचा. बुधवारी आंघोळीआधी हाताचा आणि नंतर रोबोटचा. गुरुवारी बायको म्हणाली, "थोडं वर, थोडं खाली, थोडं डावीकडे." त्याला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग एकदम कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो गिऱ्हाईक झाला होता. भिंतही तोच होता, ही वरची अडचण.

त्या विचाराने त्याला एक मात्र उमगलं. गिऱ्हाईक आहोत तर नियमही गिऱ्हाइकाचा. शेवटी त्याने 'हाताने' समोर टिक केली, पहिल्या सोमवारी जिथे होता तिथेच येऊन. भरती व्हायच्या सकाळी बायकोला हाक मारली, हातात चपटी पेन्सिल दिली, सदरा काढला आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"फुली मार."

"कुठे?"

"पाठीवर. सहा. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. डॉक्टरांनी फोटोत दाखवलं होतं ना, तसं."

"अहो, वेड लागलंय का? ते डॉक्टर आहेत, त्यांना कळत नाही का कुठे मारायचं ते?"

"खूण आपली, भोक त्यांचं. उद्या काही झालं तर म्हणायला नको की तुम्ही सांगितलंच नाही."

बायको कुरकुरत तयार झाली. फोटो तिने मोबाईलवर समोर धरला. पाणपट्टी, म्हणजे आत बुडबुडा असलेली ती लांब पट्टी, पाठीवर आडवी धरली आणि बुडबुडा मधोमध आणला. "श्वास घेऊ नका, हलतोय," ती म्हणाली. सहा फुल्या झाल्या. मग स्वतःच लांब जाऊन बघितलं आणि म्हणाली, "सरळ आल्यात हं." त्या सकाळी घरात पहिल्यांदाच कुणाला तरी कशाची तरी खात्री वाटली.

हॉस्पिटलात पाठ साफ करायला आलेल्या नर्सने गाऊनची नाडी सोडली आणि तिचा हात थांबला.

"काका, हे कोणी केलं?"

"बायकोने."

"बायको डॉक्टर आहेत?"

"नाही, पण हात सरळ आहे."

पुढच्या दहा मिनिटांत त्या खोलीत सहा माणसं आली. पाठीवर खूण फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच करायची, पक्क्या शाईने, सहीसकट, असा तिथला कडक नियम होता. परकी खूण दिसली की काम थांबवायचं. मोठे डॉक्टर आले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, बोटाने मणके मोजले, पुन्हा मोजले.

"रेषा एकदम सरळ आहे," ते म्हणाले. "पण एक मणका खाली आहे."

"म्हणजे चुकीच्या जागी?" ओळंब्याने पालथं पडूनच विचारलं.

"खालचे दोन स्क्रू चांगल्या मणक्यात गेले असते."

ओळंब्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या नियमात एक गोष्ट कधी आलीच नव्हती. फुली चुकली तर जबाबदारी गिऱ्हाइकाची, हे ठीक. पण भोक तरी भिंतीलाच पडतं.

घासून घासून फुल्या निघाल्या, पण गोळ्यांनी पातळ झालेली कातडी लाल झाली आणि त्या दिवसाचं काम रद्द झालं. घटनेची नोंद तीन प्रतींत करण्यात आली. त्यात 'रुग्णाच्या नातेवाइकाने अनधिकृतपणे केलेली आखणी' असे शब्द होते. बायकोने ते वाचून विचारलं, "हे मला कायमचं राहणार का?"

तीन दिवसांनी, गुरुवारी, कातडी शांत झाली. नवा दिवस शुक्रवारचा ठरला, आणि नवा फॉर्म आला, कारण जुना रद्द झाला होता. "पद्धत तीच ठेवायची की बदलायची, ते ठरवा," वॉर्डातली नर्स म्हणाली, "त्याप्रमाणे वेळ लागेल."

"काय गं करू?" ओळंब्याने विचारलं.

"मला काय विचारता? पाठ तुमची."

"तू फुली मारलीस ना."

"म्हणून तर विचारू नका!"

तो विचार करायला बाहेर पॅसेजमध्ये गेला. चाळीस पावलं त्याला पुरणार होती. परत आला तेव्हा फॉर्म उशाशी होता. चष्मा घरी राहिला होता. सही कुठे करायची ते कळावं म्हणून तळाशी पेन्सिलीची एक बारीक फुली होती. फुली दिसली की हात आपोआप चालायची त्याची सवय. त्याने सही केली.

शुक्रवारी त्याला आत नेलं तेव्हा दाराशी बाई उभ्या होत्या. त्यांनी स्वतः पाठीवर खुणा केल्या, शाईने, सहीसकट. म्हणजे आपण रोबोट निवडला, असं त्याच्या लक्षात आलं. आश्चर्य वाटायला वेळ मिळाला नाही, कारण नाकावर मास्क आला.

जाग आली तेव्हा पाठ जड होती आणि पाय हलत होते. दोन्ही. बायकोने डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरून विचारलं, "कळतंय का?" तो म्हणाला, "दुखतंय," आणि ती रडायला लागली. त्यामुळे चांगलं झालंय की वाईट हे त्याला काही वेळ समजेना.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. "छान झालं. वरचे चार यंत्राने घातले. मग पिन हलली."

"बघा!" ओळंबा म्हणाला, जितक्या जोराने म्हणता येतं तितक्या.

"तुम्ही म्हणालाच होतात. पुन्हा मोजण्यात वेळ घालवण्यापेक्षा खालचे दोन हाताने घातले. सरांना बोलावलं होतं. सहाही सिमेंटमध्ये आहेत."

संध्याकाळी मोठे डॉक्टर फेरीवर आले. "खालचे दोन तुम्ही घातले म्हणे," ओळंबा म्हणाला.

"मी? मी नुसता बाजूला उभा होतो. हात तिचेच." मग जरा विचार करून म्हणाले, "एका वेळी मी धरलं असेल."

"कुठला?"

"आता कसं सांगू?"

घरी आल्यावर मेव्हण्याने विचारलं, "शेवटी कशाने केलं, भावजी?" ओळंबा बायकोला म्हणाला, "तू सांग." तिने सांगितलं, "झालं."

तीन महिन्यांनी तपासणी होती. बाईंनी पाठीचा फोटो उजेडावर लावला. धुक्यासारख्या मणक्यांत सहा पांढरे स्क्रू, प्रत्येकाच्या टोकाला सिमेंटचा ढग. ओळंबा चष्मा लावून जवळ गेला. पंचेचाळीस वर्षांचा डोळा होता, हे तरी त्याला ओळखता येणार होतं.

"हे वरचे दोन," तो म्हणाला. "केसभर तिरके. हे हाताचे."

"ते यंत्राचे."

"मग हे खालचे एवढे सरळ?"

"ते हाताचे. आणि वरचे तिरके नाहीत, मणकाच तसा आहे. जसा मणका, तसा स्क्रू."

त्याने पुन्हा बघितलं. नंतर चष्मा काढून बघितलं. सगळे सारखेच दिसायला लागले. "घट्ट आहेत ना?" त्याने विचारलं.

"आजच्या तारखेला घट्ट."

त्याला एकदम बरं वाटलं. तोही गिऱ्हाइकांना नेमकं एवढंच सांगायचा. बाईंच्या खोलीतली चौकट गळून पडली होती, ती कपाटाला टेकवून ठेवलेली.

परतल्यावर तो घराच्या दारापासून पावलं मोजत चालला. एकेचाळीस आलं आणि गेलं. औषधाचं दुकान दोनशे बाराव्या पावलाला आलं, एकही मुक्काम न करता. तिथे काही घ्यायचं नव्हतं. तरी तो आत गेला, दुकानदाराला "काही नको, नुसतं आलो" म्हणाला आणि काउंटरमागची भिंत बोटाने वाजवून बाहेर पडला. घरी बायकोने त्याला दाराच्या चौकटीला उभं करून डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारली. एकशे त्रेसष्ट सेंटीमीटर.

त्याची फाइल आता हॉस्पिटलच्या कपाटात आहे. तीत आखणीच्या घटनेची तिसरी प्रत आहे आणि तो फॉर्मही आहे. सदर इसमाने दोन्ही पद्धती पूर्णपणे समजून घेऊन, पूर्ण विचारांती, स्वतः निवड केल्याचं त्यावर सहीनिशी नमूद आहे.

'रोबोटच्या साहाय्याने' समोरची टिक बायकोने केली. तो तेव्हा पॅसेजमधली भिंत वाजवत होता. रोबोटची वेळ सकाळी साडेसातची होती आणि हाताची दुपारी दोनची, आणि तोवर उपाशी राहिलं की त्याचं डोकं दुखतं.